भाड्याने द्यायला पहिलं घर घेताय? फ्लॅटच्या आधी भाडेकरू शोधा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. राहायला पाचोऱ्यात, वय ३५, पगार हातात ४२ हजार. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत, त्यांचे ४६ हजार. मुलगी तिसरीत. साठवलेले ११ लाख आहेत. जळगावला निमखेडीच्या बाजूला नव्या अपार्टमेंटमध्ये टू बीएचके ३२ लाखांना मिळतोय. बिल्डरचा माणूस म्हणतो, १० हजार भाडं सहज येईल आणि हप्त्याचा भार जाणवणारही नाही. भाड्याने देण्यासाठी घर घ्यायची ही पहिलीच वेळ, तर घ्यावं का आणि घेताना काय काय बघावं? शेवटी जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की पाचोऱ्यात वडिलांचं स्वतःचं घर आहे आणि वर गच्ची मोकळी आहे. ते वाक्य लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

मी भुसावळची. सासरे रेल्वेत होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून त्यांनी घर बांधलं आणि मागच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या. तिथून माझी सुरुवात झाली. आज आमची स्वतःची पाच घरं भाड्याने आहेत, आणि मुलांकडे पुण्याला-नाशिकला गेलेल्या ओळखीच्या लोकांची भुसावळ-जळगावमधली तीसेक घरं मी सांभाळते. म्हणजे भाडेकरू आणणं, करार करणं, नळ दुरुस्त करून घेणं आणि शेवटी किल्ली परत घेणं, हे सगळं. त्यातून जे कळलं तेच सांगते.

तुम्ही विचारलंय "हा फ्लॅट घ्यावा का". खरा प्रश्न मला वेगळा वाटतो: तुम्हाला भाड्याचं उत्पन्न हवंय, की जळगावात स्वतःचं घर असावं असं वाटतंय? दोन्ही इच्छा रास्त आहेत, पण त्यांचे हिशोब वेगळे आहेत. आठ वर्षांनी मुलगी अकरावीला जाईल, तेव्हा तुम्ही जळगावला राहायला जाणार असाल, तर हा तुमचा राहता फ्लॅट आहे आणि तोवर येणारं भाडं हा वरचा फायदा. मग भाड्याचा टक्का कमी पडला तरी चालतो. शाळा-कॉलेज, शेजार, बस-रेल्वे हे बघायचं. पण निव्वळ गुंतवणूक म्हणून घेत असाल तर आकडे कागदावर मांडावेच लागतील. मी इथे ते दुसरं गृहीत धरून लिहिते.

आधी आकडे. ३२ लाखांचा फ्लॅट ३२ लाखांत पडत नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून दोन लाखांच्या आसपास धरा. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. खरेदी एकट्या पत्नीच्या नावावर केली तर निवासी घराला मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे ३२ हजार वाचतात. दोघांच्या नावावर केली तर ती मिळत नाही. वकील, बँकेची प्रक्रिया, किरकोळ कागद यांचे तीस-चाळीस हजार. आणि घर भाड्याजोगं करायला, म्हणजे पंखे, ट्यूब, जाळीचं दार, गीझर, किचनची मांडणी, यात सत्तर-ऐंशी हजार जातातच. एकूण ३५ लाख. २५ लाख कर्ज काढलं, व्याज साडेआठ टक्के आणि मुदत २० वर्षं धरली, तर हप्ता सुमारे २१,७०० बसतो. तुमच्या ११ लाखांतले १० लाख पहिल्याच महिन्यात संपतात.

आता भाडं. बिल्डरचा १० हजार हा आकडा बाजूला ठेवा. त्याच भागात तसाच फ्लॅट भाड्याने हवाय असं सांगून तीन-चार ठिकाणी फोन लावा. दोन आकडे कानावर येतील, एक मागितलेला आणि दुसरा थोडं थांबल्यावर खाली आलेला. हिशोबात नेहमी दुसरा घ्यायचा. समजा तो ८,५०० निघाला. वर्षातला एक महिना घर रिकामं राहणार असं धरा. मी माझ्या प्रत्येक घराला धरते. ११ महिन्यांचे झाले ९३,५००. त्यातून मेंटेनन्सचे १२ हजार, घरपट्टीचे ६ हजार, रंग-नळ-मोटरचे ८ हजार वजा केले की हातात उरतात ६७,५००. ३५ लाखांवर हे दोन टक्केही नाहीत. हप्त्यांचे वर्षाला २ लाख ६० हजार जातात, त्यातलं पहिल्या वर्षीचं नुसतं व्याजच सुमारे २ लाख १० हजार. म्हणजे भाडं नियमित आलं तरी दर महिन्याला १६ हजार तुमच्या पगारातून जाणार.

तुम्हाला हे झेपणार नाही असं नाही. दोन पगार आहेत, ८८ हजारांत १६ हजार निघतात. पण "हप्ता भाड्यातच निघतो" हे वाक्य आपल्याकडच्या भावांना लागू पडत नाही. किंमत वाढेल म्हणून घ्यायचा असेल तर तो वेगळा विचार आहे. वाढेलही. पण वाढीव किंमत विकल्यावरच हातात येते, आणि आपल्या गावांत जुना फ्लॅट विकायला वर्ष-दोन वर्षं सहज लागतात, कारण गिऱ्हाईकाला शेजारीच नवा मिळत असतो. मी घर घेताना भाववाढ शून्य धरते. झाली तर आनंदच आहे.

आता मुख्य मुद्दा. माझ्याकडे एक वही आहे. प्रत्येक घराला एक पान, आणि भाडेकरूच्या नावापुढे दोन रकाने: "का आला" आणि "का गेला". पहिली काही वर्षं मी फक्त भाडं आणि अनामत लिहायचे. हे दोन रकाने नंतर सुरू केले, आणि धंदा मला खरा कळला तो त्यातून. "का आला"मध्ये बहुतेक वेळा चारच गोष्टी असतात: बदली, मुलांचं शिक्षण, नवी नोकरी, घरातल्या कुणाचे उपचार. "का गेला"मध्ये बदली आणि स्वतःचं घर झालं हे आहेच, पण त्याखालोखाल पाणी आणि उकाडा. "भाडं परवडत नाही" हे कारण फार थोड्या पानांवर सापडतं.

म्हणून घर बघायच्या आधी स्वतःला विचारा: या जागेत कोण येणार, आणि त्याला इथेच राहण्याचं कारण काय? भुसावळचं उदाहरण घ्या. बाहेरचा माणूस म्हणतो, रेल्वेचं विभागीय मुख्यालय, दोन ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, दीपनगरचं वीज केंद्र, म्हणजे भाडेकरूंची ददात नाही. पण यातल्या मोठ्या संख्येला क्वार्टर मिळतं. आमच्याकडे येतो तो क्वार्टरची वाट बघणारा, किंवा क्वार्टर पडकं म्हणून बाहेर राहू पाहणारा, किंवा बँकेतला नाहीतर खासगी नोकरीतला. त्याला स्टेशनपासून पायी किंवा दहा मिनिटांत पोहोचेल असं घर लागतं, कारण गाडी रात्री दोनलाही असते. स्टेशनपासून लांबचा मोठा फ्लॅट त्याच्या कामाचा नाही. शिरपूरला विद्यार्थी आहेत, पण ते घर घेत नाहीत, कॉट घेतात. तिथे चार जणांची सोय, वायफाय आणि मेस जवळ असणं महत्त्वाचं. धुळ्याला मेडिकल कॉलेज चक्करबर्डीला आहे. देवपूरला घर घेऊन डॉक्टर भाडेकरूची वाट बघत बसलात तर तो रोज गाव ओलांडून जाणार नाही. नंदुरबारला बदलीवर आलेले सरकारी कर्मचारी चांगले भाडेकरू असतात, पण तीन वर्षांत जातात हे धरूनच चाला.

तुमच्या निमखेडीच्या फ्लॅटला हाच प्रश्न लावा. रात्री आठ वाजता त्या इमारतीसमोर आणि आजूबाजूच्या तीन इमारतींसमोर उभे राहा आणि दिवे मोजा. चोवीस फ्लॅटपैकी नऊमध्येच दिवा असेल तर बाकीचे पंधरा मालक उद्या तुमच्याबरोबर भाडेकरू शोधणार आहेत, आणि त्यातला एखादा सात हजारालाही देईल. दूधवाल्याला आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा की इथे कोण लोक राहतात, किती दिवस टिकतात. एजंटपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं आणि त्यांना काही विकायचं नसतं.

वेळही बघा. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला (अक्षय तृतीयेला) बदलतं, आणि भाड्याची घरंही साधारण त्याच सुमाराला हलतात. परीक्षा संपतात, बदल्यांचे आदेश निघतात, शाळा-कॉलेजचे प्रवेश सुरू होतात. एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत रिकामं घर दाखवायला तयार असेल तर आठवड्यात जातं. तेच घर दिवाळीनंतर रिकामं झालं तर कधी कधी चार महिने कुलूप राहतं. त्यामुळे ताबा ऑगस्टमध्ये मिळणार असेल तर पहिल्या वर्षीचं निम्मं भाडं नाही असं धरून चाला.

आता उकाडा आणि पाणी, कारण "का गेला"चा रकाना यांनीच भरलाय. २०१२ साली आम्ही भुसावळला चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. खालच्या मजल्यांपेक्षा दीड लाखाने स्वस्त होता म्हणून घेतला. सहा वर्षांत चार भाडेकरू आले आणि चौघेही एप्रिल ते जूनमध्येच गेले. वाचलेले दीड लाख रिकाम्या महिन्यांत आणि कमी केलेल्या भाड्यात केव्हाच संपले. जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिसावर जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो, लहान मूल असलेलं कुटुंब तिथे एकच उन्हाळा काढतं. पुढे आम्ही गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर दिला आणि पश्चिमेच्या खिडक्यांवर सज्जा काढला, तेव्हा फरक पडला.

गेल्या मे महिन्यात एका ओळखीच्या बाईंबरोबर मी जळगावला फ्लॅट बघायला गेले होते. दुपारचे चार. आत शिरलो तर हॉल गार. दाखवणाऱ्या माणसाने तासभर आधी एसी लावून ठेवला होता. मी त्याला तो बंद करायला सांगितला आणि आम्ही बेडरूममध्ये पश्चिमेच्या भिंतीला तळहात टेकवून उभ्या राहिलो. आतून, प्लास्टरवर. अर्ध्या मिनिटात हात काढावासा वाटला. पलंगाची उशी त्याच भिंतीला येणार होती, दुसरीकडे जागाच नव्हती. मग मी बाथरूममध्ये गेले. कोपऱ्यातल्या बादलीला आतून पांढरं कडं चढलेलं होतं, नखाने खरवडलं तरी निघेना. म्हणजे नळाचं पाणी कमी आणि बोअरचं जड पाणी जास्त. गीझरची कॉइल दोन वर्षांत जाणार, शॉवर बंद पडणार, आणि प्रत्येक वेळी फोन मालकाला येणार. बाईंनी तो फ्लॅट घेतला नाही.

नळाचं पाणी आपल्या बहुतेक गावांत रोज येत नाही. कुठे दिवसाआड, कुठे त्याहून उशिरा. त्यामुळे "पाणी आहे का" असं विचारू नका, सगळे "आहे" म्हणतात. विचारा: किती दिवसांनी येतं, किती वेळ येतं, जमिनीखालची टाकी किती लिटरची, त्यावर किती घरं, आणि मे महिन्यात टँकर मागवावा लागला का, त्याचे पैसे कुणी भरले. कूलर हे आपल्या उन्हाळ्यातलं जास्तीचं गिऱ्हाईक आहे. मोठा कूलर दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी सहज पितो. बारा घरांत बारा कूलर लागले की जी टाकी जानेवारीत पुरते ती मे महिन्यात पुरत नाही.

तिसरी गोष्ट जमीन. तापीच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर रो-हाऊसच्या भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा जातात. प्लास्टरच्या बारीक रेषांना घाबरू नका, पण तिरपी आणि बोटाचं नख शिरेल अशी भेग दिसली तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. नवा रंग दिलेल्या जुन्या घरात हे आणखी नीट बघा.

कागदांबद्दल. तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत मंजुरीप्रमाणे पूर्ण झाली आणि राहायला हरकत नाही असा दाखला. "अर्ज दिलाय, येऊन जाईल" हे उत्तर मी वर्षानुवर्षं तसंच राहिलेलं पाहिलंय. त्याच्या जोडीला मंजूर नकाशा, बिनशेती आदेश, सातबारा किंवा सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक, आणि तुमच्या स्वतःच्या वकिलाने काढलेला ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जागा कुणाकुणाच्या नावावर होती आणि तिच्यावर काही बोजा आहे का याचा तपास. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद चोख, असं लोक धरून चालतात. बँक तिच्या तारणापुरतं बघते, तुमचा वकील तुमच्यासाठी बघतो. महारेराचा (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः तपासा. पण एक लक्षात घ्या: जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा घरं ८ पर्यंत असली तर प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे, आणि आपल्याकडच्या कितीतरी इमारती नेमक्या याच मापाच्या असतात. तिथे रेराचा आधार नाही म्हणून कागद दुप्पट काळजीने बघायचे.

इमारतीची सोसायटी होणार की १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली अपार्टमेंट, आणि अपार्टमेंट असेल तर घोषणापत्र (इमारतीचा आणि प्रत्येकाच्या वाट्याचा तपशील देणारा कागद) नोंदवलंय का, हेही विचारा. कारण कागद काहीही म्हणोत, लिफ्टचं आणि मोटरचं वीजबिल दर महिन्याला कुणीतरी भरायचं असतं. जिथे कुणीच पुढाकार घेत नाही तिथे दोन वर्षांत लिफ्ट बंद पडते, आणि तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू खाली उतरतो तो सामान घेऊनच. सोसायटी असेल तर भाडेकरू ठेवल्याबद्दल, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून, बिनभोगवटा शुल्क लावता येतं, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. त्याहून जास्त मागितलं तर नियम दाखवा.

फ्लॅटऐवजी कुणी स्वस्तातला प्लॉट सुचवला तर गुंठेवारीची, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेल्या जमिनीची, भानगड आधी तपासा. नंदुरबार जिल्ह्यात, तसंच चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या पट्ट्यात मूळ जमीन आदिवासी खातेदाराची आहे का हेही बघा. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे बिगर-आदिवासीला ती परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि मधल्या दोन खरेद्या झाल्या म्हणून तो दोष धुऊन निघत नाही.

पत्नी शिक्षिका आहेत, तर स्थावर मालमत्ता घेताना वर्तणूक नियमांप्रमाणे त्यांनी कार्यालयाला कळवायचं असतं. साधं पत्र आहे, पण राहून जातं.

आता करार. इथे मी स्वतः चटका खाल्लाय, म्हणून जरा सविस्तर सांगते. २००९ मध्ये एका कुटुंबाला घर दिलं. भाडं ३,५००, अनामत १० हजार. स्टॅम्प पेपरवर टाईप करून नोटरी केली आणि झालं असं समजलो. तेव्हा सगळे तसंच करायचे. चौथ्या वर्षी भाडं वाढवायचं म्हटलं तर त्यांनी नकार दिला. खाली करा म्हटलं तर वकिलामार्फत उत्तर आलं की भाडं २,५०० ठरलं होतं आणि अनामत ५० हजार दिली आहे. दहाची पावती माझ्याकडे नव्हती. आमच्या वकिलांनी मला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ वाचून दाखवलं: करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, ती जबाबदारी घरमालकाची, आणि तसा नसेल तर वेगळं सिद्ध होईपर्यंत भाडेकरू म्हणेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. चौदा महिने गेले, आणि शेवटी २० हजार वरून देऊन मी किल्ली घेतली. ते दिवस आठवले की अजून पोटात कालवतं, कारण चूक माझी होती आणि ती टाळायला फार थोडा खर्च आला असता.

तो खर्चही सांगते. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला देण्याच्या, कराराला मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक परत करायच्या अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. तुमच्या उदाहरणात ८,५०० भाडं, ११ महिने, ३० हजार अनामत: बेरीज ९६,५००, शुल्क अडीचशेच्या आत. नोंदणी फी शहरी हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. आधार आणि अंगठा लावून हे घरबसल्या ऑनलाइन होतं. एजंटाची फी धरली तरी अर्ध्या महिन्याच्या भाड्याइतकाही खर्च येत नाही. "११ महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही" हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. नोंदणीकृत करार असेल तर मुदत संपल्यावर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, करारात लिहिलेली गोष्ट निर्णायक पुरावा धरली जाते, आणि मुदतीनंतर अडून बसणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

करारासोबत पोलिसांकडे भाडेकरूची माहिती नोंदवा, ताबा देताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा आणि भाडं खात्यावरच घ्या. महावितरणचं बिल महिन्याच्या महिन्याला भरलं जातंय का ते ग्राहक क्रमांकावरून तुम्हालाही बघता येतं. थकलेलं बिल शेवटी मालकाच्या माथी येतं.

भाडेकरू निवडताना जात-धर्म-आडनाव विचारणारे मालक मला भेटतात. मी ते काम करत नाही. मी विचारते आधीचं घर का सोडलं, आणि आधीच्या मालकाचा फोन मागते. जो खुशीने नंबर देतो तो बहुतेक चांगलाच निघतो.

प्राप्तिकराचं थोडक्यात. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, आणि त्यातून कर्जाचं व्याज वजा होतं. त्यात तोटा निघाला तर जुन्या पद्धतीत वर्षाला २ लाखांपर्यंत तो पगारातून वजा करता येतो, नव्या पद्धतीत येत नाही; म्हणून "कर वाचतो" म्हणून घर घेत असाल तर आधी तुम्ही दोघं कोणत्या पद्धतीत आहात ते बघा. ज्याच्या नावावर घर त्यालाच ही वजावट मिळते, तेव्हा एकट्या पत्नीच्या नावावर घेऊन ३२ हजार वाचवायचे की दोघांच्या नावावर घ्यायचं, हे सीएला विचारून ठरवा.

आता तुमच्या गच्चीकडे येते. पाचोरा तालुक्याचं ठिकाण आहे, मुख्य लाईनवरचं स्टेशन आहे. शिक्षक, बँकेचे लोक, रेल्वेने जळगावला जाऊन-येऊन नोकरी करणारे, यांना दोन खोल्या-किचन लागतं. वर ५०० चौरस फुटांचा ब्लॉक १,८०० रुपये फुटाने बांधला तर ९ लाख. भाडं ५ हजार धरा, ११ महिन्यांचे ५५ हजार, त्यातून घरपट्टी-दुरुस्तीचे ७ हजार वजा, उरले ४८ हजार. ९ लाखांवर हे सव्वापाच टक्के होतात, कर्ज शून्य, आणि २ लाख तुमच्या हातात राहतात. भाडेकरू डोक्यावर राहतो हा त्रास आहे, पण पहिल्या वेळी तोच फायदा आहे. नळ गळला तर कळतो, बिल थकलं तर कळतं, माणूस कसा पारखायचा ते रोजच्या रोज शिकायला मिळतं, जळगावला खेपा न घालता.

याला तीन अटी. नगरपालिकेची बांधकाम परवानगी काढायची. जिना बाहेरून, वेगळा. आणि वीजमीटर वेगळं. एका मीटरवर दोन संसार चालवले की युनिट वरच्या स्लॅबमध्ये जातात आणि दर महिन्याला वाटणीवरून वाद होतो. घर वडिलांच्या नावावर आहे, भाऊ-बहिणी असतील तर पैसे कुणाचे आणि भाडं कुणाचं हे आधी घरात बसून लिहून काढा. नंतर ते बोलणं फार जड जातं.

तुमच्या जागी मी असते तर पहिली दोन वर्षं हे केलं असतं, पगारातून जे १६ हजार हप्त्यात गेले असते ते बाजूला टाकले असते, आणि मग जळगावकडे बघितलं असतं, तेही वापरातली जुनी वन बीएचके, मधल्या मजल्यावर, जिथे कोण राहायला येईल हे मला आधीच सांगता येतंय अशा जागी. पण मुलीसाठी जळगावला जायचं खरंच ठरलेलं असेल तर माझं हे म्हणणं बदलेल.

दोन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत: फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे आणि बेडरूमची बाहेरची भिंत कोणत्या दिशेला येते. त्या कळवा. आणि आज संध्याकाळी गच्चीवर जाऊन बघा, बांधताना वडिलांनी कॉलमचे गज वर मोकळे सोडलेत का. सोडले असतील तर वरचा मजला त्यांच्या मनात तेव्हाच होता. इंजिनिअरला बोलवाल तेव्हा पायाची खोली किती गेली होती हे वडिलांनाच विचारा, त्यांच्या लक्षात असेल.